दिल्ली परिसरातील पाणमांजर : ओळख व निरीक्षण

दिल्लीहून पूर्वेकडे मुरादाबादला जाणारा महामार्ग गाझियाबाद व हापूड ही गावे मागे टाकून सुमारे शंभर किलोमीटरांवर गंगेच्या काठी येतो. या ठिकाणाचे नाव ब्रजघाट. गढमुक्तेश्वरच्या यात्रेस जाणाऱ्या लोकांना ते परिचित आहे. हिवाळ्यातील सकाळी धुके विरळ होऊ लागते. घाटावरील गर्दी मागे पडून नाव वाळवंटांच्या बाजूस सरकते. अशा वेळी शांत पाण्यावर एखादे तपकिरी डोके क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. नावाडी म्हणतो, "ऊदबिलाव." नावेतील मराठी प्रवाशास हा शब्द ओळखीचा वाटतो, कोकणातील घराच्या आढ्यावर रात्री धावणारे उदमांजर त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते पाण्यात कसे आले, असा प्रश्न त्यास पडतो.

वस्तुतः हे दोन निराळे प्राणी होत. मराठीतील उदमांजर हे झाडांवर राहणारे, फळे खाणारे निशाचर जनावर असून पाण्याशी त्याचा विशेष संबंध नाही. हिंदीतील ऊदबिलाव म्हणजे मात्र पाणमांजर. संस्कृतात एका जलचर प्राण्यास 'उद्र' असे नाव आहे. 'उदक' या शब्दाशी त्याचे नाते असून इंग्रजीतील 'ऑटर' हा शब्दही त्याच प्राचीन मुळापासून निघालेला आहे. गंगेवर मराठी माणसाची फसवणूक करणारा असा आणखी एक शब्द आहे. तेथील 'सूँस' म्हणजे गंगेतील डॉल्फिन. मराठीतील 'सुसर' म्हणजे मगरीच्या जातीचा सरपटणारा प्राणी. एकाच पाण्यात डॉल्फिन, घडियाल आणि पाणमांजर ही तिन्ही असल्याने केवळ नावावरून केलेली नोंद किती घोटाळा करू शकेल, हे सहज ध्यानात येते. म्हणून निरीक्षणाचा पहिला नियम असा की, नाव मागाहून लिहावे आणि जे दिसले त्याचे वर्णन आधी लिहावे.

पाण्यासाठी घडलेले शरीर

पाणमांजर हे मांजर नव्हे. मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या मुस्टेलिडी नावाच्या कुलात त्याची गणना होते. लांबट व लवचीक अंग, आखूड पाय, रुंद व चपटे डोके, लहान कान आणि मुळाशी जाड असलेली शेपटी ही त्याची सर्वसाधारण लक्षणे आहेत. बोटे पडद्याने जोडलेली असतात. पोहताना वेग घेण्यासाठी ते शरीर व शेपटी वरखाली लहरवते. वळण्यासाठी पाय व शेपटी उपयोगी पडतात. बुडी मारताना कान व नाकपुड्या मिटल्या जातात. पाणी गढूळ असले तरी ओठांवरील राठ मिशांना माशाच्या हालचालीने उठणारे तरंग जाणवतात.

देवमाशाप्रमाणे या प्राण्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो. थंडीपासून त्याचे रक्षण होते ते केवळ केसांमुळे. केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब असून ते पाणी आत शिरू देत नाहीत. खालची लव दाट असते आणि तिच्यात हवा कोंडलेली राहते. ही व्यवस्था केस स्वच्छ असेपर्यंतच चालते. त्यामुळे पाण्यातून बाहेर आल्यावर पाणमांजर वाळूत लोळते, अंग घासते आणि केस विंचरल्याप्रमाणे साफ करते. निरीक्षकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्या लोळण्याच्या जागा वाळूवर स्पष्ट उमटतात. याच दाट केसांनी या प्राण्यावर संकटही ओढवून घेतले, त्याचा विचार पुढे येईल.

भारतातील तीन जाती

भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत. दिल्लीच्या आसपासच्या सपाट प्रदेशातील मोठ्या नद्यांवर जी आढळते ती मऊ केसांची जाती होय. तिचे शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. इसिडोर जॉफ्र्वा सँतिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२६ साली सुमात्रातील नमुन्यावरून तिचे वर्णन केले. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणतः ७ ते ११ किलोग्रॅम असते. केस आखूड व मखमलीसारखे असून ओले झाल्यावर अंगास चिकटून चकाकतात. पाठ तपकिरी असते. गळा व पोट फिकट. शेपटीचा टोकाकडील भाग वरून खाली चपटा झालेला असतो. नाकाच्या उघड्या कातडीची वरची कड बहुतांशी सरळ किंवा किंचित फुगीर असते.

दुसरी जाती युरेशियाई पाणमांजराची, म्हणजे लुट्रा लुट्रा. युरोपापासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंत तिचा विस्तार आहे. भारतात ती हिमालयात व दक्षिणेकडील डोंगराळ भागांत आढळते. मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्र प्रकल्पात २०१६ साली स्वयंचलित कॅमेऱ्याने तिची छायाचित्रे टिपली. तिचे केस राठ व करडे दिसतात, शेपटी शेवटपर्यंत गोल असून निमुळती होत जाते आणि नाकाच्या कातडीची वरची कड नागमोडी असते. तिसरी जाती लहान नखांची, एओनिक्स सिनेरियस. ही आकाराने सर्वांत लहान. तिची नखे इतकी आखूड असतात की ती बोटांच्या पुढे येत नाहीत. खेकडे व शंखशिंपले हे तिचे मुख्य खाद्य असून हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि पश्चिम घाटाचा दक्षिण भाग ही तिची वसतिस्थाने होत.

यावरून हे उघड आहे की, गंगेच्या रुंद पात्रात दिवसाउजेडी पाच-सहा पाणमांजरांचा कळप दिसल्यास ती मऊ केसांची जाती असण्याचा संभव सर्वाधिक असतो. तथापि संभव म्हणजे पुरावा नव्हे. नाक व शेपटी पाहिल्याखेरीज जातीचे नाव निश्चित मानू नये.

कोठे व केव्हा पाहावे

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणजे केवळ दिल्ली शहर नव्हे. उत्तर प्रदेशातील मेरठ, मुजफ्फरनगर, हापूड व बुलंदशहर हे जिल्हेही त्यात मोडतात आणि त्यांच्या पूर्व सीमेवरून गंगा वाहते. १९८६ साली स्थापन झालेले हस्तिनापूर अभयारण्य याच पट्ट्यात आहे. नदीचे पात्र, त्यालगतची गवताळ दलदल आणि जुन्या प्रवाहांची डबकी मिळून येथे जे क्षेत्र तयार झाले आहे, त्यात पाणमांजर, बारशिंगा व अनेक जातींचे पाणपक्षी राहतात. २००९ सालापासून येथे घडियालही सोडण्यात आले. त्याच्या खालच्या बाजूस ब्रजघाट ते नरोरा हा सुमारे ८५ किलोमीटरांचा गंगेचा भाग २००५ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून घोषित झाला. त्याच्या नैसर्गिक संपत्तीत डॉल्फिन, घडियाल व कासवे यांच्याबरोबर पाणमांजराचाही उल्लेख आहे.

राजधानी क्षेत्राच्या दक्षिणेस, त्याच्या सीमेबाहेर, चंबळ नदी आहे. १९७९ साली संरक्षित झालेल्या या नदीवरील मऊ केसांच्या पाणमांजरांचा अभ्यास भारतीय वन्यजीव संस्थेचे एस. ए. हुसेन यांनी केला. कळपांची रचना, खाद्य व राहण्याच्या जागा यांविषयी त्यांनी केलेल्या नोंदी १९९० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाल्या. उत्तर भारतातील नदीवर या प्राण्याचा शोध घेणाऱ्यास त्या आजही उपयोगी पडतात. मराठी वाचकास घराजवळचे उदाहरण हवे असेल, तर गोव्यातील मांडवीच्या मुखाजवळील चोडण बेटाच्या खारफुटीत हीच जाती राहते. गोड्या पाण्याप्रमाणेच खाडीचे खारे पाणीही तिला चालते. मात्र अंगावरील मीठ धुण्यासाठी जवळ गोडे पाणी असावे लागते.

पावसाळ्यात गंगेचे पात्र काठोकाठ भरते, वाळवंटे बुडतात आणि कळप पूरक्षेत्रातील उथळ जलाशयांकडे पांगतात. पाणी ओसरल्यावर, म्हणजे कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत, वाळूचे किनारे उघडे पडतात व शोध सोपा होतो. दिवसातील पहिले व शेवटचे दोन तास सर्वांत अनुकूल असतात. निरीक्षकाने वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, सूर्य पाठीशी घेऊन स्वस्थ बसावे. पाणमांजराचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. चालता माणूस त्याला दिसण्याआधीच कळतो.

पाण्यावर दिसणारी आकृती

पोहणाऱ्या पाणमांजराचे डोके चपटे असून पाण्याच्या पातळीलगत राहते. मागे पाठीचा थोडा भाग व कधी शेपटीचा पट्टा दिसतो आणि पाण्यावर दोन्ही बाजूंस पसरत जाणारी रेघ उमटते. बुडी घेताना पाठ कमानीसारखी वर येते व शेवटी शेपटी आत जाते. पाण्याखालून वर येणारे बुडबुडे त्याचा मार्ग दाखवतात. थोड्या वेळाने ते दुसऱ्या ठिकाणी वर येते आणि बहुधा मान उंचावून चोहोकडे पाहते. मऊ केसांची पाणमांजरे पुष्कळदा कुटुंबाने शिकार करतात. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात पसरून ती माशांना पुढे हाकतात. माणसानेही या स्वभावाचा उपयोग करून घेतला आहे. बांगलादेशात सुंदरबनाच्या बाजूचे कोळी दोरीला बांधलेल्या पाणमांजरांकडून मासे जाळ्याकडे हाकवून घेत आले आहेत.

चूक होण्याचे प्रसंग ठरावीक आहेत. डॉल्फिनचे लांब तोंड व पाठ क्षणभर वर येते, श्वासाचा फुस्स असा आवाज होतो आणि लगेच सर्व नाहीसे होते. तो डोके वर ठेवून पोहत नाही. कासवाचे केवळ नाकाचे टोक काडीसारखे दिसते व जागच्या जागी बुडते. पाणकावळा व तिरंदाज या पक्ष्यांची मान उभी व बारीक असते. घोरपड पोहताना सापासारखी आडवी वळवळते. पाणमांजराची हालचाल उभी लाटेसारखी असते. सर्वांत अधिक फसवतो तो मुंगूस. नदीकाठच्या झुडपांतून तो निघतो, प्रसंगी पाण्यातूनही जातो आणि त्याचे अंगही लांबट व आखूड पायांचे असते. परंतु त्याचे तोंड टोकदार, केस ठिपकेदार करडे व शेपटी झुपकेदार असते. शिवाय तो पाणमांजराच्या मानाने फार हलका असतो.

जमिनीवर पाणमांजराची चाल थोडी कुबडी, उड्या घेतल्यासारखी दिसते. कळपात सतत शीळ व चिवचिवाटासारखे आवाज चालू असतात. धोक्याची शंका येताच एखादे फुरफुरते आणि सारा कळप क्षणात पाण्यात जातो.

काठावरील खुणा

प्रत्यक्ष प्राण्यापेक्षा त्याच्या खुणा अधिक वेळा सापडतात आणि पुष्कळदा त्याच अधिक विश्वसनीय असतात. पहिली खूण पावलांची. पाणमांजराच्या ठशात पाच बोटे पंख्याप्रमाणे पसरलेली असतात, बोटांच्या टोकाशी नखांचे बिंदू उमटतात आणि ओल्या बारीक मातीत पडद्याची पुसट रेषाही दिसते. कुत्रा व कोल्हा यांच्या ठशात चारच बोटे असतात. रानमांजराच्या ठशात चार बोटे असून नखे बहुधा उमटत नाहीत. मुंगसास पाच बोटे असली तरी ठसा पुष्कळच लहान असतो. कोरड्या वाळूत पाचवे बोट न उमटण्याचा संभव असल्याने एकाच ठशावर विसंबू नये. संपूर्ण माग पाहावा. तो पाण्यातून निघून पाण्याकडे जातो की नाही, मधे शेपटी ओढल्याची रेघ आहे की नाही, हे तपासावे.

दुसरी खूण विष्ठेची. पाणमांजरे उंच दगड, वाळूचा उंचवटा किंवा दोन प्रवाहांच्या संगमाची जागा पुनःपुन्हा वापरतात. तेथे माशांचे खवले व काटे भरलेल्या विष्ठेचे थर साचतात. ताजी विष्ठा काळसर, ओलसर व माशाच्या उग्र वासाची असते; सुकल्यावर ती राखाडी होऊन खवल्यांचा भुगा उरतो. कळपातील प्राणी एकाच जागेचा वापर करतात. ही जागा म्हणजे त्यांची जणू सूचनाफळीच असते. कोण येऊन गेले, याची वार्ता वासाने तेथे ठेवलेली असते. तिसरी खूण लोळण्याच्या जागेची आणि चौथी बिळाची. बिळे खडकांच्या कपारीत, झाडांच्या मुळांखाली किंवा उंच काठाच्या मातीत असतात. गर्भधारणेचा काळ सुमारे दोन महिन्यांचा असून पिले जन्मतः आंधळी व असहाय असतात. म्हणून बीळ सापडल्यास तेथे थांबणे, आत डोकावणे किंवा प्रकाशझोत टाकणे सर्वथा वर्ज्य समजावे.

कोळी व पालेज पिकवणारे शेतकरी, म्हणजे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजे-काकड्या लावणारे लोक, यांचा अनुभव मोठा असतो. परंतु "येथे ऊदबिलाव आहे ना?" असे विचारले असता पाहुण्यास संतोष व्हावा म्हणून होकार मिळण्याचा संभव असतो. त्याऐवजी जाळ्यातील मासे कोण फाडते, ते जनावर एकटे येते की कळपाने, त्याची शेपटी कशी असते, असे विचारावे. उत्तरातील वर्णन स्वतःच साक्ष देते.

नोंद कशी करावी

उपयुक्त नोंदीत तारीख, वेळ, नदीचा भाग, प्राण्यांची संख्या, अंतर, पाहण्याचा कालावधी व वर्तन एवढ्या गोष्टी हव्यात. ठशाचे छायाचित्र वरून सरळ घ्यावे आणि शेजारी मापासाठी पट्टी किंवा नाणे ठेवावे. विष्ठा उचलून नेऊ नये. जेथे काही आढळले नाही तेथील फेरीचीही नोंद करावी. एका भागात वर्षानुवर्षे खुणा मिळत होत्या व पुढे त्या मिळेनाशा झाल्या, हे कळण्यास रिकाम्या दिवसांची नोंदच आधार देते. संशय असल्यास 'ओळख अनिश्चित' असे लिहिण्यात कमीपणा नाही. मुंगसाची नोंद पाणमांजर म्हणून झाली, तर ज्या काठावर पाणमांजर उरलेले नाही तो काठ कागदोपत्री सुरक्षित ठरतो आणि त्याची काळजी घेण्याचे कारणच संपते.

याउलट खरी नोंदही अविचाराने प्रसिद्ध केल्यास घातक होते. पाणमांजराच्या दाट केसांच्या कातड्यास दीर्घकाळ बाजारभाव होता. डिसेंबर १९९९ मध्ये गाझियाबाद येथे पकडलेल्या मालात ५० बिबट्यांच्या कातड्यांबरोबर पाणमांजरांचीही कातडी होती. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटातील सांगसांग येथे एकाच मालमोटारीतून वाघांची ३१, बिबट्यांची ५८१ आणि पाणमांजरांची ७७८ कातडी हस्तगत झाली. वाघाच्या एका कातड्यामागे पाणमांजरांची जवळजवळ पंचवीस, असे हे प्रमाण पडते. वाघ नाहीसा झाला की त्याची वार्ता देशभर होते. नदीचा एक वळसा पाणमांजरांवाचून ओस पडला तर त्या गावासही ते उशिरा कळते. तिबेटी पोशाखाच्या काठांना ही कातडी लावण्याची चाल होती. जानेवारी २००६ मध्ये अमरावती येथील कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी अशा वस्त्रांचा त्याग करण्याचे आवाहन केले आणि त्यानंतर तिबेटात अनेकांनी ती जाळून टाकली. पुढे पाळण्यासाठी पिलांची मागणी वाढल्यामुळे २०१९ साली मऊ केसांच्या व लहान नखांच्या या दोन्ही जातींचा वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात समावेश करण्यात आला. त्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी देवघेवीस बंदी झाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांची शिकार हा गुन्हा आहे. म्हणून बिळाचे व लोळण्याच्या जागेचे नेमके स्थान वन खात्यास अथवा अभ्यासकास कळवावे; ते चारचौघांत सांगू नये.

नदीची कसोटी

पाणमांजर राहण्यास तीन गोष्टी लागतात : बारमाही पाणी, त्यात पुरेसे मासे आणि आसरा देणारा अबाधित काठ. यांपैकी एक गेली तरी उरलेल्या दोन व्यर्थ ठरतात. दिल्ली शहरातील यमुनेचा वजीराबाद ते ओखला हा भाग केवळ सुमारे २२ किलोमीटरांचा, म्हणजे नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. परंतु तिच्या एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार येथेच पडतो. प्राणवायू संपलेल्या पाण्यात मासे टिकत नाहीत आणि मासे नसतील तेथे पाणमांजराचा शोध करण्याचे प्रयोजन उरत नाही. गंगेवर पाणी अजून जिवंत आहे. तेथील धोके निराळे आहेत. वाळूचा उपसा बिळांचा काठ खचवतो, बारीक जाळी लहान मासेही काढून नेतात, जाळ्यात अडकलेले पाणमांजर गुदमरून मरते आणि मोकाट कुत्र्यांमुळे पिलांना किनारा सुरक्षित राहत नाही. कोळ्याचे जाळे फाटते तेव्हा त्याचा राग समजण्याजोगा आहे. ज्या पाण्यावर त्याचे पोट चालते तेच पाणी पाणमांजराचेही अन्न आहे, हे दोघांचे हित एकत्र पाहिल्याखेरीज संरक्षण टिकणार नाही.

माशांवर जगणाऱ्या या प्राण्याच्या वास्तव्यावरून नदीच्या आरोग्याविषयी पुष्कळ काही कळते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सकाळचे दोन तास, एक वही, एक पट्टी आणि स्वस्थ बसण्याची सवय एवढे पुरे असते. ब्रजघाटाच्या नावेतून क्षणभर दिसलेले ते तपकिरी डोके पुन्हा वर आले नाही, तर प्रवाशाने वहीत एवढेच लिहावे : "पोहणारा प्राणी, एक, ओळख अनिश्चित." मग नाव समोरच्या वाळूस लावून ओल्या काठावर पाच बोटांचा माग आहे काय, हे पाहण्यास उतरावे.